आनंदीच्या गळ्यातली चोखणी

मित्रांनो, मी एक जुनी चोखणी आहे. माझ्या रबरावर आता दुधाच्या दातांचे वळ उठले आहेत. कारखान्यातल्या साच्यातून निघाले आणि बालाघाटच्या एका दुकानातून हट्टा नावाच्या गावी आले, तेव्हा पौर्णिमाची आनंदी तीन महिन्यांची होती. रडून लाल झालेल्या त्या पोरीने मला तोंडात धरले आणि घर निवांत झाले. "मोठ्या कामाची चीज आणली गजेंद्रनं!" तिची आजी शेवंताबाई आपल्या लेकाचे कौतुक करत म्हणाल्या.

आनंदी चालू लागली तेव्हा अंगणवाडीच्या ताई पौर्णिमाला म्हणाल्या, "आता हळूहळू सवय मोडा." पौर्णिमाने दोनदा मला लपवले. दोन्ही वेळा आनंदीने असा आकांत केला की पौर्णिमानेच मला परत काढले. आज नको, उद्या. उद्या नको, दिवाळीनंतर.

मी सारखी मातीत पडायची. धुऊन धुऊन कंटाळलेल्या शेवंताबाईंनी एक दिवस मला आनंदीच्या गळ्यातल्या नजरेच्या काळ्या दोऱ्यात ओवले. "आता पडणार नाही, अन् पोरीले नजरही लागणार नाही."

"आई, फास बसन ना तिले."

"काहून असं अभद्र बोलतेस वो? गजेंद्रच्या गळ्यातही होता दोरा. काय झालं त्याले?"

पौर्णिमाने दोरा तसाच राहू दिला. मी मात्र त्या दिवसापासून भीतच जगले. दोरा पक्का, पिळाचा. माझी कडी मोठी. कुठे अडकली तर?

एका दुपारी अडकलीच. आनंदी खाटेवरून उतरत होती. माझी कडी खाटेच्या कडेला वर आलेल्या खिळ्यात गुंतली, दोरा ताणला गेला. तिचे पाय जमिनीला टेकेनात. मी तिच्या तोंडातून केव्हाच निसटले होते, तरी रडण्याचा आवाज निघेना.

बाहेर सासू-सुना भाजी निवडत होत्या.

"पाह्य, कशी चूप आहे पोरगी," शेवंताबाई कौतुकाने म्हणाल्या. "चुसनी आहे तोंडात."

"हौ," पौर्णिमा म्हणाली.

या घराला शांततेची सवय मीच लावली होती.

मग पौर्णिमाचा हात थांबला. "आई, चोखण्याचा आवाज नाही येऊन राह्यला."

"झोपली असन."

पण ती उठली. धावत आली, आनंदीला वर उचलले, तसा दोरा ढिला पडला. क्षणभर काहीच नाही. मग पोरीने श्वास ओढला आणि टाहो फोडला. पौर्णिमाने दोरा तिच्या डोक्यावरून काढला. शेवंताबाईंनी तो विळ्याने तोडला, मला त्यातून काढले आणि दोरा चुलीत टाकला. "चुकलं वो माय, माह्यंच चुकलं," एवढेच त्या म्हणत राहिल्या.

भेदरलेली आनंदी मलाच मागत होती. पौर्णिमा मला मुठीत आवळून उभी. फेकावे, की द्यावे? शेवटी तिने मला धुऊन दिले, पण जवळून हलली नाही. झोप लागताच काढून घेतले. "दिवाळीची वाट नाही पाहत आता, आई."

पुढे मी फक्त झोपेपुरती उरले, तीही पौर्णिमाच्या डोळ्यांसमोर. मग एक दुपार माझ्यावाचून गेली. आनंदी रडली, पौर्णिमा थोपटत राहिली. तिसऱ्या आठवड्यात मला कोणी मागितले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी लहान भावंड असेल तर त्याच्या गळ्यात काही बांधू देऊ नका. ते फार वेळ चूप असले तर खेळ सोडून उठा, जाऊन बघा. त्या दुपारी मला ओरडता आले नाही. तुम्हाला येते.