रिसालदारांनी निवडलेला पंजा

दोष तुमचा आहे. पाट्या बदलणाऱ्या, शिक्के बदलणाऱ्या, दफ्तरं पेटाऱ्यांत भरून या शहरातून त्या शहरात नेणाऱ्या सरकारसाहेबांनो, तुमचाच. रिसालदार महिपतराव भोइटे यांच्या हातात तुम्ही जो छापील कागद दिलात, त्यात ट्रॅक्टरच्या पंज्याला दात किती ते होतं, दातांची लांबी होती, रंगसुद्धा होता. वजन नव्हतं. आता सगळी वस्ती त्या माणसाला हसते. हसण्यासारखं त्याने केलंही. पण सुरुवात तुमची.

गोष्ट छप्पन सालच्या आश्विनातली. संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, घोडे कुठे कुठे गेले, आणि घोड्यांवरून उतरवलेल्या बारा स्वारांना शहराबाहेर, हजीऱ्याच्या पुढे अठरा बिघे जमीन मिळाली. जमीन कागदावर, डोळ्यांना नुसती बाभूळ. बारा जणांत मिळून एक राखी रंगाचा ठेंगणा ट्रॅक्टर मिळाला, पुढे उचलायचे दोन लोखंडी हात असलेला. अट एकच. एकतीस ऑक्टोबरला पाहणी होईल, त्या दिवशी काटा दिसला तर जमीन परत. एक नोव्हेंबरला मध्य भारत हे राज्यच उरणार नव्हतं, तेव्हा जाण्याआधी सरकारला हात झटकून मोकळं व्हायचं होतं.

बाभूळ त्यांनी कुऱ्हाडीने पाडली. पण पाडलेल्या काट्यांचे डोंगर हलवायचे कसे? माणूस काटा धरायला जातो आणि काटाच माणसाला धरतो. म्हणून ट्रॅक्टरच्या हातांना लावायला पंजा हवा होता, अख्खा ढीग मुठीत आवळून उचलणारा. अर्ज गेला. उत्तर आलं: दाल बाजारामागच्या गोदामात दोन पंजे आहेत, एक निवडा, निवडल्यावर बदल नाही.

निवडायला महिपतराव गेले. दुसरं कोण जाणार? तीस वर्षं पागेत नवा घोडा त्यांनीच निवडला होता आणि त्यातला एकही लंगडा निघाला नव्हता. निदान ते तसं सांगत, आणि जे नाही म्हणू शकले असते ते घोडे आता नव्हते. बरोबर ट्रॅक्टर चालवणारा जुना सोबती दौलतसिंह होता, आणि इंग्रजी वाचायला त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी पद्मा.

गोदामात दोन पंजे भुईवर पसरले होते. एक अरुंद, खाली चार दात, वर एक. दुसरा रुंद, खाली आठ, वर दोन, काळाभोर, तेल लावल्यासारखा. महिपतरावांनी जोडे बाहेर काढले. कारकून बघतच राहिला.

"लोखंडाला जोडे काढतात का?" पद्मा पुटपुटली.

"पागेत शिरताना काढतात," ते म्हणाले.

मग त्यांनी अरुंद पंज्याला दुरूनच पाहिलं. "हे खेचर आहे." रुंद पंज्यापाशी मात्र उकिडवे बसले, एकेक दात चाचपला, सांध्यावरून तळहात फिरवला, मागे जाऊन कुठे अशुभ खूण तर नाही ना तेही पाहिलं. "छाती बघ, दौलतसिंह. मान आखूड. दात सगळे जागेवर."

"मुँह तो बढ़िया है, रिसालदार साहब," दौलतसिंह म्हणाला. "बस खाता कितना है, ये पूछ लो."

"आबासाहेब, वजन कितना है, लिखा ही नहीं यहाँ," पद्मा कागद उलटासुलटा करत म्हणाली. "कारकुनाला विचारू या ना."

"घोडा घेताना कोणी घोडा तोलतं का गं? त्याने आपल्याला पेलायचं असतं."

कारकुनाला विचारलं असतं तरी त्याला ठाऊक नव्हतं. त्याने सही घेतली आणि शिक्का मारला.

पंजा खंडेनवमीला वस्तीवर आला. झालं! त्या दिवशी शस्त्राची पूजा करायची, ते वापरायचं नाही. ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली, पंज्याच्या दहाही दातांना हळदकुंकू लावलं. महिपतरावांच्या पत्नी मंदाताई ओवाळताना म्हणाल्या, "एवढ्या दातांना लावेपर्यंत माझं कुंकू संपलं. पुढच्या वेळी बोळका निवडा."

दसरा झाल्यावर दुसऱ्या सकाळी बाराही घरं शेताच्या कडेला उभी राहिली. दौलतसिंहाने ट्रॅक्टर ढिगाला भिडवला, पंजा आवळला, आणि लोखंडी हात वर घेतले. हात वर गेले नाहीत. ट्रॅक्टरचं बूड वर गेलं! मागची दोन्ही चाकं हवेत फिरायला लागली, माळेतले झेंडू उडाले, आणि दौलतसिंह वरून ओरडला, "रिसालदार साहब, घोड़ी दुलत्ती मार रही है!"

सगळी वस्ती हसली. महिपतराव हसले नाहीत. शेतात असे एकोणचाळीस ढीग होते आणि हातात सोळा दिवस.

मंदाताई पदराआड हसू दाबत जवळ आल्या. "अहो, एक विचारू? त्या सरदारांच्या गलेलठ्ठ भाच्याला तुम्ही लहान घोडीवर बसू दिलं नव्हतं. का हो?"

"घोडीची पाठ मोडली असती."

"मग यात घोडी कोण?"

महिपतरावांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं. मग पंज्याकडे.

"घोडा समजून तुम्ही स्वार निवडून आणलात," मंदाताई म्हणाल्या. "आणि तोही भाच्यापेक्षा जाड."

बदल मिळणार नव्हता. पण घोडी दुगाण्या झाडते तेव्हा काय करायचं ते पागेतल्या माणसाला शिकवावं लागत नाही. "मागे वजन द्या," महिपतराव म्हणाले. "जड काय आहे?"

"तुमची पेटी," मंदाताई लगेच म्हणाल्या. पेटी म्हणजे लोखंडी ट्रंक. तिच्यात या जमिनीपायी आठ वर्षांत आलेली तुमची उत्तरं होती: विचाराधीन आहे, वरिष्ठांकडे पाठवलं आहे, नव्या नमुन्यात पुन्हा अर्ज करावा. दोन माणसांनी ती उचलली तेव्हा तिसऱ्याला बोलवावं लागलं. कागद कमी पडले तेवढे दगड भरले आणि ट्रंक ट्रॅक्टरच्या मागे साखळदंडाने बांधली.

बूड जमिनीवर राहिलं. पंजा अर्धाच भरायचा, हळू उचलायचा, अशा बेताने दिवसाला तीन ढीग हलू लागले. "सरकार पहली बार काम आई," दौलतसिंह रोज ट्रंकेवर थाप मारून म्हणायचा. अठ्ठावीस तारखेला शेवटचा काटा बांधावर कुंपणाला लागला.

एकतीसला बाराही स्वार फेटे बांधून बांधावर उभे राहिले. दुपार झाली. कोणी आलं नाही. दौलतसिंह सायकल मारत शहरात बाड्यावरच्या कचेरीपर्यंत जाऊन आला. "पाटी उतर गई. चपरासी बोला, सब भोपाल गए. पाहणीवाले की तो जगह ही नहीं रही."

कोणी हसलं नाही. महिपतरावांनी फेटा सोडला नाही, तसेच बांधावर बसले आणि पद्माला कागद घ्यायला सांगितलं.

"लिही. अठरा बिघे साफ आहेत. एकही काटा उरलेला नाही. तारीख आम्ही पाळली."

"पंज्याचं वजनही विचारा," मंदाताई म्हणाल्या.

"तेही लिही. आणि लिही की यावेळी विचाराधीन चालणार नाही, पेटी भरली आहे. जमीन कोण बघणार आणि कुठल्या दिवशी? नाव आणि तारीख कळवा. आम्ही उभे आहोत. उत्तर द्या."