धरलंय कुणी?

दादा गेला, तरी कागद गिरणीतल्या पडद्यावर रोज दुपारी ओळ उमटायचीच: ‘धाकटे, जेवलीस का?’

धाकटी म्हणजे त्याची बहीण. गिरणी चालवणारा प्रोग्राम दादानं स्मॉलटॉक नावाच्या संगणकभाषेत लिहिलेला. तो गेल्यावर त्याच खुर्चीत तिला बसवलं. दादानं थट्टेखातर त्यात एक ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्राममध्ये राहून नेमून दिलेलं काम करणारा एक जीवच, घडवून सोडला होता, बहिणीची चौकशी करणारा. स्मॉलटॉकचा संसारच न्यारा. संध्याकाळी सगळं आहे तसं सेव्ह करायचं. सकाळी अर्धवट काम, पडद्यावरची उघडी खिडकी, सगळं जागच्या जागी सापडतं. त्यामुळे माणूस गेला आणि त्याची चौकशी मागे राहिली. यंत्रावरच्या कामगारांची मात्र बोबडी वळली.

“आज ते भूत काढच बाई,” साहेब म्हणाले. “लोक यंत्राजवळ फिरकेनात.”

काम ते काम. आधी तिनं तो ऑब्जेक्ट एका खिडकीत उघडून डोळे भरून पाहिला. मग त्याचा दुपारचा गजर काढला, प्रोग्रामच्या यादीतून त्याला वगळलं. ज्याला कुणीच धरलेलं नाही त्याला प्रोग्राममधलाच सफाईवाला आपोआप झाडून नेतो, असा तिथला कायदा. तिनं सफाई चालवली आणि विचारलं, असले किती उरले?

एक.

पुन्हा झाडलं. एकच.

“दादा, जा की रे आता,” ती पुटपुटली. जाऊ नये असंच तिला वाटत होतं.

शेवटी तिनं प्रोग्रामलाच विचारलं, याला धरलंय कुणी? उत्तर आलं: एक खिडकी. तिचीच, त्याला बघायला मघाशी उघडलेली. नुसतं बघत बसलं तरी ते धरणंच असतं, हे दादानं तिला कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. नेमकं तेच ती विसरली होती.

“सापडलं का?” साहेबांनी विचारलं.

“हो. मीच धरून बसलेय.”

“मग सोड की!”

तसलाच दुसरा घडवता आला असता, पण तो दादाच्या हातचा नसता. खिडकीच्या तळाशी निरोप धाडायची जागा होती. तिनं लिहिलं, ‘जेवले.’

धाडकन दुसरी खिडकी उघडली: ‘हा निरोप मला समजत नाही.’

दादानं त्याला विचारायला शिकवलं होतं, ऐकायला नाही. ती हसली आणि हसता हसता रडली. आता दोन खिडक्यांनी त्याला धरलं होतं. तिनं एक मिटली. मग दुसरी. झाडलं.

शून्य.

“झालं ना? सेव्ह कर आता,” साहेब म्हणाले.

काय राखून ठेवायचं उरलंय ते तिला कळेना. तरी तिनं बटण दाबलं.