देवीच्या चेहऱ्यातली चांदी

होनगावच्या अंबाबाईला चेहरा नव्हता. शेंदराचे थर चढलेला एक दगडी तांदळा आणि त्यावर बसवलेले दोन डोळे, एवढ्यावरच गावानं पिढ्यान्‌पिढ्या देवी ओळखली होती. देवळाच्या पंचांनी चांदीचा मुखवटा करायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्यातला चंद्रप्पा पहिल्यांदा गेला तो थोरल्या बहिणीकडं.

नीलम्मा त्याच गावात दिलेली. नवरा बसलिंगप्पा टेम्पोच्या अपघातात गेला, तेव्हापासून किराणा दुकान तीच चालवत होती. चंद्रप्पा दुकानाच्या पायरीवर बसला.

"अक्का, ज्यांचे मालक गेले त्या बायांची जोडवी, पैंजण गाठोड्यात पडून हायत. घालता येत न्हाईत अन् मोडू वाटत न्हाईत. ती देवीच्या अंगावर गेली तर?"

नीलम्मानं आपल्या पायांकडं बघितलं. तिची स्वतःची जोडवी पेटीत तळाशी होती. बोटांवरचा पांढरा वळ अजून पुरता गेला नव्हता.

"अन् मुखवटा बसवताना पयला हात तुम्हा बायांचा," चंद्रप्पा म्हणाला. "शब्द देतो."

त्या रात्री तिला झोप लागली नाही, पण ती सुखाची जाग होती. आपल्याला जे मना झालं ते देवी घालणार. गावातली प्रत्येक सवाष्ण ज्या चेहऱ्यापुढं वाकेल, त्यात आपल्या पायातली चांदी असेल. सकाळी तिनं पेटी उघडली आणि दुपारपासून घरं हिंडायला लागली.

बाकीच्या बायांनी दिलं, कुणी रडून, कुणी हसून. भामाबाई मात्र अडून बसली. म्हातारीचा नवरा ऐन उमेदीत गेलेला. तिनं जोडवी ज्वारीच्या कणगीत चिंधीत बांधून ठेवली होती आणि लेकांना, सुनांना पत्ता लागू दिला नव्हता.

"माळेगावच्या जत्रेतून आणली व्हती गं त्यांनी," ती म्हणाली. "माझ्या पायाला घट्ट झाली तर म्हणले, पाय बारीक कर."

"देवीच्या तोंडावर राहतील, मावशी. रोज बघायला मिळतील."

भामाबाईनं चिंधी तिच्या हातात ठेवली, पण मूठ सोडली नाही. "चंद्रप्पाच्या शब्दावर न्हाई देत. तुझ्या शब्दावर देते."

मुखवटा आला तो दिवस मोठ्या गर्दीचा होता. हलगी वाजत होती, सवाष्णींच्या ओट्या चालल्या होत्या, आणि जोडवी दिलेल्या बाया मागं खांबाजवळ उभ्या राहिल्या, बोलावण्याची वाट बघत. बोलावणं आलंच नाही. "गर्दीत राहून गेलं बघ, अक्का," चंद्रप्पा नंतर म्हणाला, आणि नीलम्मानं ते खरं मानलं. पाठचा भाऊ तो. बसलिंगप्पाला नेलं तेव्हा तिच्या उशाशी बसून राहिला होता. त्याच्यावर शंका घ्यायची तिला सवयच नव्हती.

पुढं दर शुक्रवारी भामाबाई काठी टेकत देवळात यायची. "माझी हनुवटीत हायत," ती ठामपणे सांगायची. "तुझी कुठं गं?"

"नाकात," नीलम्मा म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर नीलम्माच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीची कडी तुटली. ती उदगीरला सोनाराकडं गेली. मुखवटा त्यानंच घडवला होता. कडी जोडून होईपर्यंत ती कौतुकानं म्हणाली, "आमच्या देवीच्या तोंडात माझी जोडवी हायत. तुमच्याच हातानं वितळली तुम्ही."

सोनार मान न उचलता म्हणाला, "ती न्हाई, अक्का. ती मोडीत दिली चंद्रप्पांनी. बदल्यात कोरी चांदी नेली मुखवट्याला."

"मग आमची?"

"तिचं काय ध्यानात राहतंय? गेली कुणाच्या करदोड्यात, कुणाच्या वाळ्यात." आता त्यानं वर बघितलं आणि तिचा चेहरा बघून हातातलं काम थांबवलं. "तुम्हाला ठावं नव्हतं का?"

ती एसटीनं परत आली ती घरी गेलीच नाही. चंद्रप्पा देवळाच्या ओट्यावर एकटाच बसला होता. तिनं विचारलं, आणि त्यानं नाही म्हटलं नाही.

"पंचांनी मोडता घातला, अक्का. म्हणले, पायातली चांदी देवीच्या कपाळाला कशी लावायची? अन् तीबी..." तो अडखळला.

"तीबी कुणाची? बोल की."

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"रांडमुंड बायांची. व्हय का न्हाई?" नीलम्माचा आवाज चढला नाही. "चंद्रू, तुझ्या गळ्यात लिंग हाय, माझ्याबी हाय. मालक गेले त्या दिवशी ते काढून ठेव म्हणलं का कुणी? आपल्या लिंगायताच्या घरात इटाळ कधी शिकवला आईनं?"

"मला कळतंय गं. पण गाव सगळ्यांचं हाय. माझ्या एकट्याचं काय चालणार?"

"मग परत आणून द्यायची."

"चांदी कमी पडत व्हती," तो पुटपुटला. "अन् तुला दुखवायचं नव्हतं."

"म्हंजे आमच्या चांदीची किंमत देवीला चालली. चांदी चालली न्हाई." ती उठली. "अन् वरीसभर मी तिथं उभी राहून माझं नाक बघत राहिले, ते तू बघत व्हतास."

त्यानं हाक मारली. ती थांबली नाही.

भामाबाईला सांगायचं की नाही, यावर ती दोन-चार दिवस कुढत राहिली. शेवटी सांगितलं. शब्द तिचा होता.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. चंद्रप्पाला शिवी दिली नाही, पंचांना दिली नाही. नीलम्माकडं बघून म्हणाली, "हे मला कशाला सांगितलंस? मला दर शुक्रवारी दिसत व्हती की ती."

"मावशी, मलाबी फसवलं."

"तुला भावानं फसवलं. मला तू." आणि तिनं तोंड भिंतीकडं केलं.

त्यानंतर भामाबाई देवळात आली नाही. दुकानावरही येईना. मीठ-मिरचीला सुनेला धाडायची. नीलम्मा देवळापुढून जाताना पदर ओढून पुढं निघून जायची. तो लखलखीत चेहरा तिला परक्या घरच्या पाहुणीसारखा वाटायचा.

भाऊबीजेला चंद्रप्पा आला. हातात साडीची पिशवी. नीलम्मानं दार अडवलं नाही. पाट मांडला, ताट वाढलं. त्याला आवडते म्हणून सकाळीच शेंगापोळी केली होती. हाताला लागलेली सवय, दुसरं काय. तो टोपी घालून पाटावर बसला आणि ओवाळणीची वाट बघू लागला. निरांजन कोनाड्यातच राहिलं.

"अक्का, ओवाळ की."

"या हातांनी?" ती म्हणाली. "पंचांना इचारून आलास का?"

"तसं बोलू नको गं."

"जेव. गार व्हायलंय."

त्यानं एक घास तोंडात घातला. मग ताटाला नमस्कार करून तो उठला, पिशवी दाराशी ठेवायला वाकला, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून ती तशीच हातात घेऊन बाहेर पडला. गल्लीच्या वळणावर तो एकदा थांबला. तिला वाटलं, मागं वळेल आणि एवढं तरी म्हणेल की चुकलं. तो चप्पल नीट करायला थांबला होता.

नीलम्मानं दार लोटलं. गाईला घालायला म्हणून त्याचं ताट उचललं, आणि एक घास मोडलेली ती पोळी बघून तिला रडू आवरलं नाही.