झोपून जायचं तिकीट

विमान कंपनीला फोन करायचा नाही. आमच्या टोळीत नवीन माणूस आला की त्याला आधी हे सांगतात, मग नाव विचारतात. सीट कुठली हवी, जेवण काय हवं, सामान किती चालेल, काहीही विचारायचं असो, फोनला हात लावायचा नाही.

टोळी म्हणजे दरोडेखोरांची नव्हे. फोनवरच्या एका ग्रुपमध्ये आम्ही बरीच माणसं आहोत. कुणी बस चालवतं, कुणी शाळेत शिकवतं, मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. आम्हाला जोडणारी गोष्ट एकच, विमान कंपन्या कधीतरी चुकतात. दर भरताना कुणी एक शून्य गाळतं, कुणी एका देशाच्या चलनाचा आकडा दुसऱ्याच देशाच्या चलनात टाकतं, आणि मग ज्या बिझनेस क्लासच्या सीटवर कारखानदार पाय पसरून झोपतात, ती सीट काही तास फुकटच्या भावात मिळते. ज्याला आधी दिसेल त्याने ग्रुपवर टाकायचं. आधी तिकीट काढायचं, विचार नंतर करायचा. तिकिटाचा नंबर आला की तोंडाला कुलूप. कंपनीच्या लवकर लक्षात आलं तर ती तिकिटं रद्द करते. उशिरा आलं तर बरेचदा मुकाट्याने घेऊन जाते, कारण बोभाटा झाला तर तिचीच शोभा होते. सगळा खेळ गप्प बसण्याचा आहे.

याला लबाडी म्हणणारे आहेत. त्यांना मी माझीच गोष्ट सांगते. एकदा परतीच्या तारखेत मी महिना चुकीचा दाबला. दिसल्याबरोबर कंपनीला फोन केला. पलीकडची बाई मधाळ आवाजात म्हणाली, "मॅडम, तिकीट निघालंय, आता काही करता येणार नाही." सगळे पैसे बुडाले. म्हणजे आम्ही चुकलो तर तो नियम, आणि ते चुकले तर ती बिचाऱ्यांची चूक. हा कुठला न्याय? तेव्हापासून मला कुणी नीतीचे धडे द्यायला आलं की माझी सटकते.

पण या वेळचं तिकीट मौजमजेचं नव्हतं. ते आईचं होतं.

आईच्या पाठीत डॉक्टरांनी धातूची पट्टी आणि स्क्रू बसवलेत. ती उभी राहते, चालते, आडवी होते. बसणं मात्र तिला जमत नाही. थोडा वेळ बसली की ओठ घट्ट मिटतात आणि कपाळावर घाम येतो. जेवते उभ्याने, ओट्याला टेकून. टीव्ही बघते कुशीवर. आमच्या घरातल्या खुर्च्या बाबांसाठी आणि वाळत घातलेल्या टॉवेलांसाठी.

आणि मावशी समुद्रापलीकडे, जवळजवळ अख्ख्या दिवसाच्या प्रवासावर. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, पण खरं म्हणजे तीच तिची आई. आजी गेली तेव्हा आईला धड बोलताही येत नव्हतं. तिची वेणी घातली मावशीने, तिला शाळेत नेऊन बसवलं मावशीने, स्वतःचं लग्न लांबवलं तेही हिच्यापायी. आता मावशीच्या पोटातलं दुखणं हाताबाहेर गेलंय. डॉक्टरांनी औषधं थांबवली. फार तर महिनाभर, म्हणाले. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो आणि ती रोज एकच विचारते, "चिमणे, कधी येतेस गं?" आई म्हणते, "बघू हं, ताई."

बघू म्हणजे काय बघणार? झोपून जायची सीट बिझनेस क्लासातच, आणि तिचा भाव बघितला की डोळे फिरायचे. मी सगळं करून पाहिलं. दुसऱ्या शहरातून सुटणारी विमानं पाहिली, विमान प्रवासाचे साठवलेले पॉइंट पाहिले, ऐन वेळी रिकाम्या राहिलेल्या सीटवर बोली लावून पाहिली. कुठेच डाळ शिजेना. आई म्हणायची, "राहू दे गं, नशिबात असेल तर होईल." मला नशिबाचा भारी राग येतो.

मग त्या दुपारी ते घडलं. आमच्या टोळीत एकाला सगळे घार म्हणतात, कारण त्याला कुठूनही भक्ष्य दिसतं. त्याने ग्रुपवर दोनच शब्द टाकले, 'पळा, पळा', आणि खाली मार्ग. मावशीच्या शहराचा. बिझनेस क्लास, साध्या तिकिटाच्याही निम्म्या दरात. माझ्या हातात कुणाची तरी काच होती, ती तशीच टाकली. आई आणि मी, दोन तिकिटं, पुढच्या आठवड्याची. घाईत कार्डाचा आकडा चुकला, तो पुन्हा टाकावा लागला. थोड्या वेळाने नंबरही आले. मी मागच्या खोलीत एकटीच रडले, आणि डोळे पुसून त्या गिऱ्हाइकाची काच पुन्हा घासली.

घरी येऊन आई-बाबांना समोर घेतलं आणि बजावलं, जाईपर्यंत कुणाला बोलायचं नाही. मावशीलासुद्धा नाही. कंपनीला तर मुळीच नाही. आईने मान हलवली. तिने कपाटावरची बॅग खाली काढायला लावली, आणि मग काय केलं, तर बाबांच्या खुर्चीत जाऊन बसली. विमान उडताना आणि उतरताना सीट सरळ करून बसावं लागतं, हे मी तिला सांगितलं होतं. दात आवळून ती बसून राहिली आणि म्हणाली, "एवढं मी काढीन." रोज ती असं करायला लागली. बघवत नव्हतं, पण चेहऱ्यावर असं तेज मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

बाबांनी फक्त विचारलं, "दर इतका कमी कसा?"

"कुणीतरी चुकलं."

"कोण?"

"मला काय माहीत, बाबा. कुणीतरी."

बाबांची सगळी नोकरी वीजबिलाच्या खिडकीत गेली, आतल्या बाजूला. एकदा त्यांच्या हातून कुणाला तरी जास्तीच्या नोटा गेल्या. तो माणूस परत आला नाही. साहेबाने सगळी रक्कम बाबांच्या पगारातून कापली. ती गोष्ट आम्ही लहानपणापासून इतकी ऐकलीय की आम्हाला तोंडपाठ आहे. तेव्हापासून दुकानदाराने एक नाणं जास्त दिलं तरी बाबा उन्हातान्हात परत द्यायला जातात. हरिश्चंद्राचा अवतार. मला त्याचा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

तीन-चार दिवसांनी, ऐन कामाच्या वेळी, मेल आला. 'तांत्रिक त्रुटीमुळे आपले आरक्षण रद्द करण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' पाठोपाठ ग्रुप पेटला. सगळ्यांचीच तिकिटं रद्द झाली होती. घारीने लिहिलं, 'सकाळपर्यंत सगळं शांत होतं. कुणीतरी फोन केला.' मीही लिहिलं. मी लिहिलं, 'ज्याने केला त्याच्या घरी कुणी मरणाला टेकलेलं असतं, म्हणजे त्याला कळलं असतं.'

मग मी कंपनीला फोन लावला. आता कसला नियम? आई, तिची पाठ, मावशी, सगळं सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, "मॅडम, दर उघडच चुकीचा होता." मी म्हटलं, मी तारीख चुकले तेव्हा तीही उघडच चुकीची होती, तेव्हा तुम्ही काय केलंत? ती म्हणाली, "आम्हाला खेद आहे." तो खेद ती दिवसभर वाटत बसलेली असणार. मी फोन ठेवला, मालकाला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी आले.

आई ओट्यापाशी उभी राहून भाजी निवडत होती. बाबा खुर्चीत. मी सांगितलं, तिकीट गेलं, कुणी नालायकाने फोन केला.

आईचे हात थांबले. बाबांनी चष्मा काढला.

"रद्द केलं?" ते म्हणाले. "पण त्या बाईने सांगितलं होतं की तुमच्या तिकिटाचं बघू म्हणून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा. तुम्ही फोन केलात?"

"मी आपल्या तिकिटाबद्दल काही बोललो नाही. फक्त म्हटलं, तुमचा दर चुकलेला दिसतोय, बघून घ्या. कुणा पोराच्या पगारातून कापतील गं. मला राहवेना. मग तिने बुकिंगचा नंबर विचारला."

"आणि तुम्ही दिलात."

"विचारल्यावर काय खोटं सांगू?"

"खोटं सांगा कोण म्हणालं होतं तुम्हाला? गप्प बसा म्हटलं होतं. नुसतं गप्प. त्याला पैसे पडत नाहीत, कष्ट पडत नाहीत, तेवढंसुद्धा जमलं नाही?"

"आवाज खाली कर."

"नाही करणार. तो पोरगा आहे तरी का? तिथे मशीन आहे, बाबा. मशीनचा पगार कापला जाईल म्हणून तुमचा जीव कळवळला, आणि ही बाई रोज तुमच्याच खुर्चीत बसून घाम गाळत होती, ती दिसली नाही? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो आमच्या घरात आहे. पेन्शन खातोय."

असं मी बापाला बोलले. मागे घेत नाही. बाबा काहीतरी पुटपुटले, 'माझ्यावर आलं होतं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं', असं काहीतरी. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मेल होता. त्यांनी तो वाचला आणि फोन उपडा ठेवला, म्हणून मी हिसकावून घेतला. प्रामाणिक ग्राहक म्हणून कंपनीने त्यांचे आभार मानले होते आणि पुढच्या प्रवासासाठी सवलत दिली होती. साध्या वर्गात, म्हणजे बसून जायच्या सीटवर. मला हसू आलं, इतकं की पोटात दुखायला लागलं. आईला मी तो मोठ्याने वाचून दाखवला. वाचायला नको होता, पण एवढ्या रागात शहाणपण कुठून आणणार?

आई परत ओट्याकडे वळली. भाजी निवडून झाली, चिरून झाली, फोडणीला पडली. तिची बॅग दाराशी होती, ती तिने पायाने भिंतीकडे सरकवली. बाबा दोनदा तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि परत आले.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. आई पलंगावर कुशीवर होती. तिने फोन वाजू दिला, आणि मग तो बाबांपुढे धरला.

"घ्या," ती म्हणाली. "मी येत नाही म्हणून तिला सांगा. का येत नाही तेही सांगा. फोनवर खरं सांगायची तुम्हाला हौस आहे ना."

"अगं, मी कसं..."

"तुम्हीच."

बाबांनी फोन घेतला. स्पीकर चालूच होता. मावशीचा आवाज अगदी तळातून आला. "चिमणे?"

"ताई, मी बोलतोय."

"तुम्ही? ती कुठाय? बरी आहे ना?"

"बरी आहे."

मावशी दमली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिने विचारलं, "कधी येतेय हो ती?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने नजर हटवली नाही.

"येतेय ताई," बाबा म्हणाले. "पुढच्या आठवड्यात. तिकीट निघालंय. झोपून यायची सीट मिळाली."

जन्मात खोटं न बोललेला माणूस, आणि एक अक्षर अडखळलं नाही.

पलीकडे मावशी हसली. हसताना तिला खोकला आला, तरी हसली. "झोपून? महाराणी झाली का चिमणी. बरं. बरं झालं हो. मग मी थांबते." आणि फोन बंद झाला.

बाबा फोन हातात धरून उभे होते. मला वाटलं, आता आई रडेल, किंवा निदान तिचा राग निवळेल. कुणालाही वाटेल, शेवटी माणसाला पाझर फुटला. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं, कबूल करते.

आई पलंगाच्या कडेला धरून उठली. उभी राहिली.

"ऐकलंत, ती थांबते म्हणाली," ती म्हणाली. "तिला किती दुखतं ते रोज मला सांगते ती, तुम्हाला नाही. रोज म्हणते, आता सुटले तर बरं. आणि तुम्ही तिला थांबायला लावलंत."

बाबांना ते तेव्हा कळलं. त्यांनी घाईघाईने पुन्हा नंबर लावायला घेतला. "आता काय सांगणार? ती हसलीय," म्हणत आईने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि स्वतःच्या उशीखाली ठेवला.