अर्धं छप्पर

वाटण्या झाल्या तेव्हा दोघा भावांनी बरोबर आढ्याखालून भिंत घातली. रस्त्याकडचा उतार थोरल्याचा, मागचा धाकट्याचा. भिंत माणसाच्या डोक्याच्या वर हातभर गेली आणि तिथेच थांबली, कारण पुढच्या विटांचे पैसे दुसऱ्याने द्यावेत असं प्रत्येकाचं म्हणणं होतं. त्यामुळे खाली दोन घरं होती आणि वर, वाशांच्या खाली, अजून एकच.

थोरलीने तव्यावर मिरच्या टाकल्या की ठसका धाकटीला लागायचा. टीव्ही थोरल्याकडे होता, ऐकू दोघांकडे यायचा.

"अहो भाऊजी, अर्धं बिल पाठवू का?" थोरली भिंतीपलीकडून ओरडायची.

"पाठवा की वहिनी," धाकटा इकडून म्हणायचा. "तुम्ही दादाला जे बोलता, ते ऐकायचं तिकीटही त्यातच धरा."

आई एक महिना इकडे आणि एक महिना तिकडे असे. पहिल्या तारखेला तिची खाट मागच्या दाराने निघायची, घराला वळसा घालून पुढच्या दाराने आत जायची, आणि खाटेमागून भिंतीला हात लावत आई. या नियमात कधी एका दिवसाचाही फरक पडला नाही. आईला ताप असतानाही पडला नाही. तिला आता रात्री दोन-तीनदा उठवून न्यावं लागे, नाहीतर गादी ओली होई. तिकडच्या महिन्यात थोरली तिला उठवत असे आणि उठवताना काय म्हणत असे, तेही वरून ऐकू येई.

धाकटी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. आई थोरल्याकडे असली की ती रात्रपाळ्या घेई, कारण त्यांचे पैसे जास्त मिळत. धाकट्याच्या दुकानावर घर चालायचं. बाकी सगळं त्या रात्रपाळ्यांवर. छपरासाठी काढलेलं कर्जही तिच्याच पगारावर मंजूर झालं होतं.

छपराचं काम टाळण्यासारखं राहिलं नव्हतं. वाऱ्यापावसाचा सगळा मारा मागच्या उतारावर होता. मिस्त्री शिडीवर चढला, वाशात पेचकस खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला.

"हे लाकूड नाही हो ताई, बिस्कीट आहे," तो वरूनच म्हणाला. "चहात बुडवायचं राहिलंय फक्त."

"कौलं नवी घातली तर?" धाकट्याने विचारलं.

"कौलांना काय धाड भरलीय? वासे गेलेत. पुढच्या पावसाळ्यात हे खाली येणार. दिवसा आलं तर तुमचं नशीब."

खाली त्यांची मुलगी बरोबर त्याच वाशाखाली पोटावर पडून चित्र रंगवत होती. धाकटीने तिला उठवून भिंतीकडे बसवलं. मुलगी म्हणाली, इथे उजेड नाही.

मिस्त्री खाली उतरला आणि त्याने दोन्ही हातांची बोटं टोकांना टेकवून धरली. "तुमचं छप्पर असं आहे. आढं नुसतं नावाला, वजन घेत नाही. तुमचे वासे दादांच्या वाशांना टेकलेत, दादांचे तुमच्यांना." त्याने एक हात काढून घेतला. दुसरा खाली पडला. "तुमचे काढले की त्यांचं छप्पर त्यांच्या पलंगावर."

"मग मधल्या भिंतीवर टेकवा," धाकटा म्हणाला.

"ही भिंत? हिला पाठ टेकून बसायचीसुद्धा माझी छाती नाही." मिस्त्री हसला. "त्यांच्या बाजूने आतून टेकू लावावे लागतील. चार खांब, खोलीच्या मधोमध. तीन आठवडे. दादांना विचारून घ्या आणि मगच मला बोलवा."

विचारायला दोघं पुढच्या दाराने गेली. महिना धाकट्याकडचा होता, त्यामुळे आई मागे, भिंतीच्या पलीकडे खाटेवर पडली होती. धाकट्याने आवाज खाली ठेवला होता. थोरल्याने ठेवला नाही.

"माझ्या वाशांना काही झालेलं नाही," तो म्हणाला. "ठणठणीत आहेत. मी का माझ्या घरात खांब उभे करू?"

"तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, दादा. खर्च सगळा माझा."

"खर्चाचं नाही रे. जेवायला कुठे बसायचं? खांबाला मिठी मारून?"

थोरली पदराला हात पुसत आली. ती नवऱ्याच्या मागे उभी राहिली आणि काही बोलली नाही, तेव्हाच धाकटीला कळलं की हे आधी बोलून झालेलं आहे.

"एक कर," थोरला म्हणाला. "आईला तू ठेव. कायमची. हिची कंबर गेलीय, रात्री उठणं होत नाही हिच्याच्याने. तू हो म्हण, उद्या टेकू आण. चार कशाला, आठ लाव."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. ती मनात हिशोब करत होती: रात्रपाळ्या बंद, म्हणजे कर्जाचा हप्ता कुठून द्यायचा. दुकानाच्या गल्ल्यातून निघेल, पण मग शाळेची फी कुठून. प्रत्येक वाट कुठे ना कुठे जाऊन अडत होती. आणि वासा तर मुलीच्या डोक्यावर होता.

"भाऊजी, दिवसाआड तरी—" तिने सुरुवात केली.

"नाही. अर्धंमुर्धं नको. त्यानेच सगळा घोळ होतो."

"बरं," धाकटी म्हणाली.

दोघं परत आली तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने चहा मागितला. चहा पिऊन झाल्यावर कप स्वतः उचलून मोरीपर्यंत नेला, धुतला आणि पालथा घातला. हे तिने वर्षभरात केलं नव्हतं.

मिस्त्रीने दोन माणसं आणली आणि आधी मागच्या उताराची कौलं उतरवली. वर निळं मेणकापड ओढून दोऱ्यांनी बांधलं. घरात सगळ्यांचे चेहरे निळे दिसू लागले. मुलीला ते फार आवडलं. टेकूची लाकडं दुसऱ्या दिवशी यायची होती.

दुसऱ्या दिवशी आई गेली. मावशीचा मुलगा टेंपो घेऊन आला होता. तिने कुणाच्या फोनवरून त्याला बोलावलं ते कळलं नाही. धाकटी कामावर, धाकटा दुकानात. मुलगी शाळेतून आली तेव्हा आई पायरीवर पिशवी घेऊन बसली होती.

"आजी म्हणाली, मी बहिणीकडे राहायला जाते," मुलीने सांगितलं. "म्हणाली, कौलं उतरली, आता काही अडत नाही."

धाकटी तिथल्या तिथे स्टुलावर बसली. आईने काय विचार केला होता ते तिला स्पष्ट दिसलं. काम सुरू झालं आहे, आता थोरला मागे फिरणार नाही. आपण उठून गेलो तर छप्परही होईल आणि कुणावर आपलं ओझंही नाही. सासूबाईंनी थोरल्याला जन्म दिला होता, वाढवला होता. तरी त्या त्याला ओळखत नव्हत्या.

संध्याकाळी लाकडं आली. मिस्त्री पुढच्या दाराशी गेला आणि लगेच परत आला.

"ते नाही म्हणतायत."

धाकटा धावत गेला. त्याच्यामागून धाकटी.

"कसले टेकू?" थोरला दारातच उभा होता. "आपलं आईबद्दल ठरलं होतं. आई गेली की मावशीकडे. तू काय ठेवून घेतलंस?"

"अरे दादा, माझं अर्धं छप्पर उघडं पडलंय!"

"मग ते कुणी उघडलं? मी?"

"ती आपणहून गेली. तिला मी जा म्हटलं नाही."

"मीही नाही म्हटलं," थोरला म्हणाला. आतून थोरलीचा आवाज आला, "दार लावा हो, डास येतायत."

मिस्त्री दोन दिवस थांबला. मग म्हणाला की त्याला दुसरीकडे काम आहे, माणसं बसवून पोसता येत नाहीत. टेकू लागले की फोन करा. त्याच संध्याकाळी वारा सुटला. मेणकापड फुगायचं आणि आदळायचं, तसे कुजके वासे कुरकुरायचे. तिघं मोरीजवळ अंथरूण घालून झोपली.

"तू जाऊन आण तिला," धाकटा अंधारात म्हणाला.

"मी? आई कुणाची?"

"मी कोणत्या तोंडाने जाऊ? तिने ते सगळं ऐकलंय."

"माझं तोंडही तिथेच होतं," धाकटी म्हणाली. पण सकाळी तिने रजा टाकली आणि बस पकडली.

मावशी एका लांबट इमारतीत, एका खोलीत राहायची. दाराबाहेर दोन खुर्च्या टाकून दोघी बहिणी उन्हात बसल्या होत्या. आईने केस धुतले होते. धाकटीला पाहून मावशीच आधी बोलली.

"आली का सून? म्हटलं होतं ना मी, येईल. एवढी माया एकदम कुठून उतू चालली?"

धाकटी वाटेभर काय बोलायचं ते जुळवत आली होती. मुलीला तुमची आठवण येते, घर सुनं वाटतं, असं काहीतरी. यातलं पहिलं खरंही होतं. पण आई तिच्याकडे नीट पाहत होती आणि तिला ते म्हणवेना.

"भाऊजी टेकू लावू देत नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही आमच्याकडे नाही, म्हणून."

मावशी आईकडे वळली. मग म्हणाली, "बघ ग बाई. तुझी किंमत आहे अजून बाजारात."

आई हसली नाही. "कौलं उतरवली होती ना पण?" तिने विचारलं. "मी बघून गेले. सगळी उतरवली होती."

"हो."

"तरी?"

"तरी."

आईने हात मांडीवर उलटे ठेवले, सुलटे केले. धाकटी रोज माणसांच्या हातांतून रक्त काढायची. या हातातली निळी शीर तिला इथूनही दिसत होती. आईचा श्वास घरी चालायचा त्यापेक्षा इथे संथ चालला होता. गादीचं काय करतात, असं विचारायचं तिच्या ओठांवर आलं. दोरीवर गोधडी वाळत होती. मावशीने स्वतः धुतली असणार.

"राहू दे तिला," मावशी आता वेगळ्या आवाजात म्हणाली. "खोली लहान आहे, पण दोघींची होते. रात्री मी जागीच असते, तिलाही उठवते. मला सोबत होते ग."

"छप्पर व्हायला किती दिवस लागतील?" आईने विचारलं.

"तीन आठवडे."

"मग झालं की येऊ देशील का मला परत इथे?"

धाकटीला हो म्हणायचं होतं. थोरल्याला तीन आठवडे फसवायचं आणि मग आईला इथे आणून सोडायचं. तिच्या रात्रपाळ्याही वाचल्या असत्या. पण पुढे कधीतरी भिंत, गटार, पाण्याची टाकी, काहीतरी निघणारच होतं, आणि दर वेळी थोरला पहिल्यांदा विचारणार होता, आई कुठे आहे. तिने होकारार्थी मान हलवली नाही, तशी नकारार्थीही हलवली नाही. आईने बराच वेळ वाट पाहिली.

"पिशवी दे ग आतली," आई मावशीला म्हणाली.

बसमध्ये आई खिडकीशी बसली. तिला मध्येच उतरून जावं लागलं तेव्हा धाकटीने कंडक्टरला थांबायला लावलं. कुणीतरी मागून म्हणालं, म्हाताऱ्या माणसांना कशाला घेऊन फिरतात. आईने ते ऐकलं आणि परत येऊन बसताना त्या माणसाची माफी मागितली.

घराशी पोचल्यावर धाकटी मागच्या दाराकडे वळली. आई वळली नाही. ती भिंतीला हात लावत पुढच्या दाराशी गेली आणि कडी वाजवली. थोरल्याने दार उघडलं.

"मी आले," आई म्हणाली. "हिच्याकडे. कायमची. आता आणू दे लाकडं आत."

थोरला बाजूला झाला. "ये ना, बस तरी," तो म्हणाला. "पाणी घे."

"नको. तुझ्याकडचा महिना नाही."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आला. चार खांब पुढच्या दाराने आत गेले. ठोकाठोक सुरू झाली तशी थोरली भांडी झाकत सुटली आणि सगळ्या जगाला ऐकू जाईल अशी पुटपुटू लागली. धाकटीने प्रयोगशाळेत फोन करून कळवलं की आता तिला रात्रपाळी जमणार नाही, कधीच नाही. पलीकडच्या बाईने विचारलं, बरं आहे ना घरी? ती म्हणाली, छपराचं काम काढलंय.

मागच्या अर्ध्यात मेणकापडाखाली आईची खाट कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. एका कोपऱ्यात वासे काढायचे होते, दुसऱ्यात रचायचे होते. मोरीजवळ ओल होती. वरून आत्ताच लाकडाचा भुसा पडायला लागला होता आणि आईला खोकला सुरू झाला होता, कोरडा, लहान लहान. धाकटीने खाटेवर जुनी चादर तंबूसारखी बांधली.

"मला कुठे ठेवताय ते आधी ठरवा," आई चादरीखालून म्हणाली. "मग मी पडते."

धाकट्याने एका बाजूने खाट धरली, धाकटीने दुसऱ्या. आईला उतरायला लावलं नाही. खाट भिंतीशी सरकवून ठेवली.

"तिथे आज चालेल," मिस्त्री वरून म्हणाला. "उद्या हलवावी लागेल."

"हलवू," धाकटी म्हणाली.