न विचारता काढलेला फोटो

"ह्यो न्हाई. ह्यो लय बोंबलतोय," म्हणत शालूबाईंनी तिसराही कॅमेरा काउंटरवर ठेवून दिला.

अंबाजीनं चष्मा कपाळावर चढवला. लोणावळ्याच्या बाजारात घड्याळं आणि जुने कॅमेरे दुरुस्त करण्यात त्याचे केस पिकले होते, पण कॅमेरा कानाशी धरून खटका दाबणारं गिऱ्हाईक तो पहिल्यांदाच बघत होता.

"मावशी, कॅमेरा डोळ्याला लावतात."

"तिला ऱ्हाऊ द्या, भाऊ," स्टुलावर बसलेली शालूबाईंची धाकटी बहीण हिरा म्हणाली. "कलिंगाड घ्यायला आलीया ती. वाजवून बघितल्याबिगर घ्यायची न्हाई."

सत्तरी ओलांडलेल्या दोघी बहिणी भाजे गावाहून सकाळीच आल्या होत्या. अंबाजीला आधी वाटलं, म्हाताऱ्यांना घरातलं काहीतरी विकायचं असेल. घ्यायचं आहे म्हटल्यावर त्याला हसू आलं होतं, पण शालूबाईंचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

"ह्या कॅमेऱ्यात आरसा असतो. दाबलं की आरसा वर उडतो. त्याचा हा आवाज," तो समजावून सांगू लागला.

"मग बिनआरशाचा दावा."

अंबाजीनं मागचं लाकडी कपाट उघडलं. आत बारा महिने एक बल्ब जळत असायचा. लोणावळ्याच्या दमट हवेत उघड्यावर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगाला एका पावसाळ्यात बुरशी धरते. त्या उबेतून त्यानं तळहातात मावेल एवढा, काळ्या पाठीचा आणि चंदेरी डोक्याचा एक जपानी कॅमेरा काढला. शालूबाईंनी तो कानाशी नेला, डोळे मिटले आणि दाबला.

टिच.

ऊ मारताना नखावर नख दाबावं तेवढाच आवाज. मग अंबाजीनं दाखवल्याप्रमाणे त्यांनी अंगठ्यानं वरची दांडी ओढली. करर्र. शालूबाईंचा हात तिथंच थांबला. हिराही स्टुलावरून उठली.

"ह्योच," शालूबाई म्हणाल्या.

अंबाजीनं भिंगातून बॅटरी मारून बघितली, बुरशी नव्हती. मागच्या दाराच्या खाचेतला फोम वितळून डांबर झाला होता, तो खरवडून त्यानं काळ्या मखमलीची पट्टी चिकटवली. "उजेड मोजायचा काटा मेलाय. त्याचा सेल आता मिळत नाही. बाकी सगळं चालतंय. पण मावशी, घरात कुणाचा मोबाईल असेल की!"

"मोबाईलनं समदेच काढत्यात. त्येला कोन भितं?"

"काढायचाय कुणाचा?"

"एका म्हाताऱ्याचा. त्येनं माजा काढलावता."

हिरानं मान खाली घातली.

ते साल शालूबाईंना कधीच विसरता आलं नव्हतं. त्या अठरा वर्षांच्या होत्या, परंदवडीच्या कोंडाजीशी त्यांची सुपारी फुटली होती. सुपारीच्या दिवशी कोंडाजी त्यांच्याकडे बघून उगीचच खोकला होता. तेवढीच त्याची ओळख, पण ती त्यांना पुरली होती. भाज्याखालच्या खाचरात भाताची आवणी चालली होती. आवणीत बायका लुगडं गुडघ्याच्या वर खोचतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही; चिखलात शेजारणीचेही पाय तसेच असतात आणि कंबर मोडलेली असताना कोण कुणाकडे बघतं? पाठीमागून टिच असं काहीतरी वाजलं. मग करर्र. शालूनं मान वर केली, वळून बघितलं, आणि पुन्हा टिच. बांधावर गळ्याला रुमाल बांधलेला एक शहरी तरुण उभा होता. तो हसला, हात हलवला आणि लेण्यांच्या वाटेनं चालता झाला. पोरी दिवसभर शालूला चिडवत राहिल्या.

दिवाळीपर्यंत तो फोटो एका चिक्कीवाल्याच्या डब्यावर आला होता. ते दुकान बंद पडूनही आता जमाना झाला. तुळशीचं लग्न झाल्यावर परंदवडीचे पाहुणे तारीख धरायला आले. मुलाचा मामा लोणावळ्यात कामाला होता, त्यानं येताना चिक्की आणली. घोंगडीच्या मधोमध तो डबा ठेवलेला. शालू चहा घेऊन बाहेर आली. सासऱ्यांनी डब्याच्या झाकणाकडे बघितलं, मग शालूच्या तोंडाकडे, मग पुन्हा झाकणाकडे. चहा पिऊन झाला. डबा न उघडताच ते उठले, आणि आठवडा उलटायच्या आत सुपारीचा नारळ परत आला.

गावानं तिचं नाव "डब्यावरली" ठेवलं. मग पुष्कळ वर्षांनी घोरावाडीच्या महिपतीला ती दिली. महिपती रेल्वेत गँगमन, बिजवर. माणूस वाईट नव्हता, त्यानं कधी हात उगारला नाही. पण बाजाराला, जत्रेला कधी बरोबर नेलंही नाही. चला म्हटलं की म्हणायचा, "लोकं बघत्यात." आणि शालूबाईंनी त्यानंतर कुठल्याही आवणीला लुगडं खोचलं नाही. चिखलानं जड झालेला घोळ ओढत त्या रोप लावायच्या आणि बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. महिपती गेल्यावर त्या भाज्याला हिराकडे येऊन राहिल्या.

आणि परवा हिराची सून सारिका लोणावळ्याहून धापा टाकत आली. "मावशी, तितं हॉलमदी जुन्या फोटूंचं परदर्शन लागलंय. तुमी दाराएवढ्या हायसा!"

शालूबाई बघून आल्या. खरोखरच दाराएवढ्या. खाली पांढरी पट्टी: "मावळकन्या. छायाचित्र: दिगंबर साठ्ये." त्यांना स्वतःचे उघडे गुडघे तेवढे दिसले, दुसरीकडे नजर गेलीच नाही. फोटोखाली खुर्ची टाकून तो बसला होता. केस पांढरे, पँटला कडक इस्त्री, गळ्यात अजून तसाच रेशमी रुमाल. येणारे-जाणारे वाकून नमस्कार करत होते.

अंबाजीनं रोल भरून दिला आणि दुकानाच्या पायरीवर बसून शिकवलं. खिडकीतून बघितलं की मधोमध पिवळसर चौकोन दिसतो. त्यात माणूस दोनदा दिसतं. एक खरं, एक त्याच्या शेजारी भुतासारखं. भिंगाचं कडं फिरवायचं आणि भूत माणसाच्या अंगात घालायचं. दोन्ही एक झाली की दाबायचं.

घरी शालूबाईंनी हिराला अंगणात उभं केलं.

"दोन दोन दिसतीस गं."

"एकच तुला पुरं झाली न्हाई व्हय आजवर?"

"हालू नगं. आता झालीस एक."

"शालाक्का," हिरा हळूच म्हणाली, "त्यो लय म्हातारा झालाय. जाऊ दे की."

"मीबी झाले की. माजं काय गेलं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी दोघी हॉलमध्ये पोचल्या तेव्हा गर्दी होती. दिगंबर साठ्यांनी शालूबाईंच्या हातातला कॅमेरा लांबूनच ओळखला. त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकले.

"अरे वा! आजी, हा कुठून आणलात? माझ्याकडे अगदी अस्साच होता!" त्यांनी तो हातात घेतला, गोंजारला, दांडी ओढली. "ह्याचा आवाज ऐकलात? समोरच्याला कळतसुद्धा नाही. माणूस सावध व्हायच्या आत आपलं काम झालेलं असतं. सगळी गंमत त्यातच आहे."

"व्हय. ठाव हाय मला."

"काढा, माझा काढा! उजेड डावीकडून घ्या. थांबा हं." त्यांनी रुमाल नीट केला, हनुवटी उचलली आणि नवरदेवासारखे ताठ बसले. पाठीमागे दाराएवढी शालू उभी होती, पण तिची आणि समोरच्या बाईची गाठ त्यांच्या ध्यानातही आली नाही.

चौकोनात दोन दिगंबर आले. शालूबाईंनी कडं फिरवलं, दोन्ही एक झाले. बोट खटक्यावर होतं. दिगंबररावांनी श्वास धरून ठेवला होता. शालूबाईंनी कॅमेरा खाली घेतला.

"का हो? काय झालं?"

"आसा नगं," त्या म्हणाल्या आणि बाहेर जाऊन हिराशेजारी पायरीवर बसल्या.

जेवणवेळेला हॉल रिकामा झाला. हिरानं भाकरीचं फडकं सोडलं, पण शालूबाई उठून आत गेल्या. बाजूच्या खोलीचं दार वाऱ्यासाठी उघडं होतं. दिगंबरराव बाकावर रेलले होते. इस्त्रीची पँट खुर्चीच्या पाठीवर टांगलेली, अंगात घरचा पायजमा. त्यांची सून आसावरी तो मांडीपर्यंत गुंडाळून गुडघ्याला तेल चोळत होती. काड्यांसारखे पाय, सुजलेले गुडघे, निळ्या शिरा. कवळी वाटीत काढून ठेवलेली, तोंड उघडं, डोळे मिटलेले.

शालूबाईंनी भूत माणसाच्या अंगात घातलं.

टिच.

दिगंबररावांचे डोळे खाडकन उघडले. आसावरीला काही ऐकूच आलं नव्हतं, पण हा आवाज ते झोपेतही विसरले नसते. करर्र. त्यांनी मान वर केली. आपलं काय गेलं ते कळायच्या आधीची भीती त्या तोंडावर होती. पुन्हा टिच.

"कोण? कोण फोटो काढतंय?" बिनदातांचे शब्द ओले होऊन बाहेर पडले. ते पायजमा खाली ओढू लागले, पण तेलकट मांडीवर गुंडाळी घट्ट बसली होती, उलगडेना.

आसावरी उठून पुढं आली. "आजी, लाज नाही वाटत? निदान विचारायचं तरी!"

"मलाबी न्हवतं इचारलं," शालूबाईंनी हॉलकडे बोट केलं.

आसावरीनं दारातून त्या मोठ्या फोटोकडे बघितलं, मग समोरच्या बाईकडे. ती मागं वळली. "बाबा... ह्या त्या आहेत."

दिगंबररावांनी कवळी चढवली. तोंडाला आकार आला तसा त्यांना धीरही आला. "तुम्ही? अहो, मग सकाळीच सांगायचं नाही का! माझं आयुष्यातलं सर्वोत्तम चित्र आहे ते. तुम्हाला कल्पना नाही, त्या दिवशी तुम्ही किती सुंदर..."

"त्यानं माजी सुपारी मोडली."

त्यांनी पायजमा पुन्हा खाली ओढून बघितला. मग म्हणाले, "मला कसं कळणार होतं ते?"

"इचारलं असतं तर कळलं असतं."

दिगंबररावांनी हात पुढे केला. "तो रोल मला द्या."

"भितीवरला खाली काढा आधी."

"उद्या समारोप आहे हो. पाहुणे येणार आहेत."

"येऊ द्यात. मीबी येत्ये. ह्यो फोटू बी दाराएवढा करून आणत्ये. शेजारीशेजारी लावू."

"बाबा, मी काढते तो," आसावरी म्हणाली आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता हॉलमध्ये जाऊन खुर्चीवर चढली. खिळ्यांवरून सुटताना पुठ्ठा कुरकुरला. तिनं फोटो आणून शालूबाईंसमोर भिंतीला उलटा टेकवला.

"आता तरी द्या," दिगंबरराव म्हणाले. तळहात अजून पसरलेलाच होता.

शालूबाईंनी कॅमेरा पिशवीत घातला, पिशवी पदराखाली घेतली. "डब्यावर दिलात, तवापास्नं दारात पावना आला की माज्या छातीत धस्स व्हायचं. ह्येच्या हातात डबा हाय का, ह्येनं बघितलंय का. सासरी गेले तरी त्येच. आता तुमी बगा. दारात कोन आलं की बगा."

"म्हणजे तुम्ही तो छापणार? कुणाला दाखवणार?"

"ठाव न्हाई."

"आजी, मी म्हातारा माणूस आहे हो!"

"मी अठरा वरसाची व्हते."

फोटो घेऊन दोघी बाहेर पडल्या. सहा आसनी रिक्षावाल्यानं आधी नकार दिला, मग हिराचं तोंड चालू झाल्यावर मागची सीट मोकळी करून दिली. पुठ्ठा दोघींच्या मांड्यांवर आडवा, कोरी बाजू वर. कार्ल्याचा फाटा येईपर्यंत हिरा कशीबशी गप्प बसली.

"घरी नेऊन काय करायचं गं ह्येचं?"

"चुलीत घालायचं."

"मग मला एकडाव बगू तरी दे. मीबी आसंन त्यात कुटंतरी." तिनं पुठ्ठा उलटा केला आणि बोट फिरवत शोधू लागली. "ही मी. बग, दात काढतीया. ही रतन. आन् ही..." तिचं बोट कोपऱ्यात अडलं. "शालाक्का. ही आई हाय."

आईचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. भिंतीवर वडील होते, चुलते होते, आई नव्हती. शालूबाईंनी पहिल्यांदाच स्वतःच्या गुडघ्यांवरून नजर उचलली. आवाज ऐकून खाचरातल्या सगळ्या जणींनी माना वर केल्या होत्या. एकट्या आईनं केली नव्हती. लुगडं खोचलेलं, एका हातात रोपांची मूठ, दुसरा मनगटापर्यंत चिखलात. तोंड दिसतच नव्हतं, फक्त वाकलेली पाठ.

त्या पाठीवर आसावरीच्या हाताचं तेल लागलं होतं. शालूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि हलक्या हातानं तिथं फिरवलं. डाग निघण्याऐवजी पसरला. त्यांनी पदराची कोरडी बाजू घेतली आणि भाज्यापर्यंत त्या तेवढंच करत बसल्या.