उजेड वर्ज्य

"अजून एक फट आहे," मी पलंगावरून म्हणालो. "वरती, उजवीकडे."

"अहो, सुई जाईल एवढीसुद्धा नाही ती!" बायको स्टुलावर चढून खिडकीला दुसरी चादर ठोकत होती. "जन्मभर ठिणग्यांत हात घातलेत, आणि आता कवडशाला घाबरताय?"

घाबरत होतोच. आदल्या संध्याकाळी इस्पितळात मला भूल देऊन शिरेतून औषध सोडलं होतं आणि प्रोस्टेटमध्ये बारीक तारा घालून आतून लेझरचा उजेड पाडला होता. त्या उजेडानं औषध जागं होतं आणि रोगट भाग तेवढा मारतं, असं डॉक्टरांनी समजावलं. कॅन्सर अगदी सुरुवातीचा, म्हणून हे जमलं. पण औषध अंगातून जाईपर्यंत, अठ्ठेचाळीस तास, ऊन किंवा झगझगीत दिवा अंगावर पडता कामा नये, कातडी भाजेल. मी वेल्डर. पस्तीस वर्षं लोकांना सांगत आलो, उजेडाकडे बघू नका. आता स्वतःच बसा काळा चष्मा लावून!

काळोखाचं मला काही नव्हतं. काळोखात दादा येऊन बसायचा, त्याची भीती होती.

पलंगाशेजारच्या खुर्चीत बसायचा. हात गुडघ्यांवर, मान जरा खाली. बोलायचा नाही. चार शिव्या तरी घालायच्या होत्यास रे! चार वर्षांपूर्वी त्यालाही हेच झालं होतं, इतकंच लहान. डॉक्टर म्हणाले होते, आत्ता काही करायला नको, पण दर तीन महिन्यांनी तपासणी चुकवू नका. वर्कशॉप आमचं दोघांचं. तेव्हा एका शाळेच्या जिन्याचा कठडा करायचा होता, तारीख डोक्यावर आलेली. पहिल्याच तपासणीच्या दिवशी मी म्हणालो, "अरे, या वयात सगळ्यांनाच होतं ते. डॉक्टरांचं काय जातंय घाबरवायला! आधी कठडा उभा करू." तो हसला आणि मास्क तोंडावर ओढला. नंतर कधी गेलाच नाही. मीही विचारलं नाही. वर्षभरात रोग हाडांत उतरला, आणि पुढच्या वर्षी दादा गेला.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. त्यांना आत आणून बायको औषधं घ्यायला गेली, आणि वहिनी आतून कडी लावून चाचपडत नेमक्या त्याच खुर्चीत बसल्या.

"बरं केलंत, भावोजी, वेळेवर गेलात ते," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुमचे दादा! पोरांना मी तेच सांगते, तुमच्या बापानं आपल्या हातानं वाटोळं करून घेतलं. हट्टी माणूस, कोणाचं म्हणून ऐकलं नाही."

दोन वर्षं हे मी मान खाली घालून ऐकत आलो होतो. आज ऐकवेना. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून धीर झाला असेल.

"ऐकलं, वहिनी. माझं ऐकलं." आणि मग कठड्यासकट सगळं सांगून टाकलं.

खुर्ची जवळ सरकली.

"तपासणीला जायला निघाले होते ते?"

"हो. धुतलेला शर्ट घालून आला होता. फाईल हातात होती."

"आणि मी पोरांना काय सांगत बसले!" त्यांचा आवाज फाटला.

त्या उठल्या. मी "वहिनी" म्हणालो. पावलं दारापर्यंत गेली. बाहेर रणरणती दुपार होती. कडीवर हात पडल्याचा आवाज आला. पण कडी निघाली नाही.

"भावोजी, तोंड झाकून घ्या," त्या मागे न वळताच म्हणाल्या. "मी दार उघडतेय."

मी पाय आत ओढले, पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि आतूनच "हं" म्हणालो. मगच त्यांनी कडी काढली.